एक मोटर आणि एक लवचीक शेपटी: माशासारखा पोहणारा पहिला रोबो बनवताना

रोबो-मासा करायला घेणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात आधी एकच चित्र असतं. पाच-सहा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी) एकामागे एक जोडलेले, प्रत्येक सांधा प्रोग्रॅमने वळवलेला, आणि पाण्यात नागमोडी जाणारी ती साखळी. मीही सुरुवात तिथूनच केली. चार सर्व्होंचा मासा दोन महिने खपून उभा केला. हौदात सोडला तेव्हा तो जोरजोरात वळवळला, पण हौदाची लांबी ओलांडायला त्याला अर्धा मिनिट लागला. आठवड्याभरात एका सांध्याच्या रबरी टोपीतून पाणी शिरलं आणि दोन सर्व्हो गेले. उरलेल्या दोनांपैकी एक घेऊन त्याच्यापुढे प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांची शेपटी लावली, तेव्हा तोच मासा दुप्पट वेगाने गेला आणि बॅटरीही कमी खाल्ली.

यातून जे कळलं तेच या लेखात सांगायचं आहे. कमी विजेत पोहणारा मासा हवा असेल तर मोटरी वाढवू नका, शेपटीचा कडकपणा जुळवा. अर्धं पोहणं अंगाची लवचीकताच करून देते. याचा मला सर्वांत पटणारा पुरावा २००६ साली छापून आलेल्या एका प्रयोगात आहे. वाहत्या पाण्यात एक अडथळा ठेवून त्याच्या मागे नुकताच मेलेला ट्राउट मासा दोरीला बांधून सोडला होता. अडथळ्यामागे आळीपाळीने डावे-उजवे भोवरे सुटतात, त्यांच्या तालावर त्या मेलेल्या माशाचं अंग हलू लागलं आणि तो प्रवाहाविरुद्ध पुढे सरकला. स्नायू नाहीत, मेंदू नाही, फक्त योग्य इतकं लवचीक शरीर.

मोठ्या प्रयोगशाळाही याच वाटेने गेल्या आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीत १९९० च्या दशकाच्या मध्यावर मायकेल ट्रायान्टाफिलू आणि डेव्हिड बॅरेट यांनी सव्वा मीटर लांबीचा 'रोबोटूना' बनवला, त्याला सहा मोटरी होत्या. पुढे २०१४ च्या 'आयस्प्लॅश-२' मध्ये एकच मोटर होती. हा ३२ सेंटीमीटरचा मासा सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या ११ पटींहून अधिक अंतर कापत असे. २०१९ चा 'टूनाबॉट'ही एकाच मोटरवर चालतो.

आपला मासा साधारण ४० सेंटीमीटर लांब, दीड किलो वजनाचा, एका सर्व्होवर चालणारा आणि हौदात पोहणारा असेल. आर्डुइनोवर सर्व्हो हलवता येतो आणि सोल्डरिंग जमतं, एवढी तयारी मी धरून चालतो. थ्रीडी प्रिंटर असेल तर सोपं जाईल, नसेल तरी अडणार नाही.

आधी मासळी बाजारात जा

संगणकावर आकार काढण्याआधी एक ताजा बांगडा विकत आणा. शक्यतो मोठा, आणि कोळिणीला सांगा की साफ करू नको, अख्खाच दे. घरी आणून पट्टीने मोजा. एकूण लांबी, सर्वांत जाड भाग नाकापासून किती अंतरावर, तिथली उंची आणि रुंदी, शेपटीच्या दोन टोकांमधलं अंतर. जाड भाग मधोमध नसतो, जरा पुढच्या बाजूला असतो. तिथून अंग मागे हळूहळू निमुळतं होत जातं.

मग चिमटीत शेपटीचा देठ धरा, म्हणजे अंग संपून शेपटी सुरू होते ती जागा. वरून पाहिलं तर तो बारीक दिसतो, बाजूनेही बारीकच. त्याच्या आधी वर-खाली पाच-पाच छोटी पिसं ओळीने दिसतील. शेपटी मात्र देठाच्या मानाने एकदम रुंद आणि मधोमध खोल कापलेली. या देठाला कारण आहे. शेपटी डावीकडे पाणी लोटते तेव्हा डोकं उलट दिशेला झुकू पाहतं. देठ जाड असता तर तोही पाणी लोटत बसला असता आणि मासा पुढे जाण्याऐवजी नुसता मान हलवत राहिला असता. देठ बारीक, पुढचं अंग जड आणि उंच, त्यामुळे डोकं जागेवर राहतं. आता देठ धरूनच शेपटी थोडी वाकवा आणि सोडा. किती वाकते आणि कशी परत येते हे बोटांना लक्षात राहू द्या. पुढे आपण नेमकं हेच बनवणार आहोत.

वाम अख्ख्या अंगाने वळवळते. कुपा, म्हणजे टूना, जवळपास फक्त देठ आणि शेपटी हलवतो. बांगडा या दोघांच्या मध्ये, पण कुप्याच्या बाजूला झुकलेला. नवशिक्याने बांगडा किंवा कुपा निवडावा, कारण अंगाचा पुढचा दोनतृतीयांश भाग सरळ कडक डबा म्हणून बनवता येतो आणि सगळी वीज-यंत्रणा त्यात कोरडी राहते. वामेचा रोबो दिसायला मोहक असतो, पण प्रत्येक सांध्यात पाणी अडवावं लागतं. तो तिसरा-चौथा मासा म्हणून ठेवा.

कागदावर तीन आकडे

शेपटीचं टोक एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या बाजूपर्यंत किती हलतं, सेकंदाला किती वेळा हलतं, आणि मासा किती वेगाने जातो. हलण्याचं अंतर गुणिले वारंवारता भागिले वेग, या आकड्याला स्ट्रोहल अंक म्हणतात. नीट पोहणाऱ्या माशांमध्ये, डॉल्फिनमध्ये, इतकंच काय उडणाऱ्या पक्ष्यांमध्येही तो बहुधा ०.२ ते ०.४ च्या दरम्यान सापडतो. या पट्ट्यात शेपटीमागे सुटणारे भोवरे असे रचले जातात की त्यांच्यामधून पाण्याचा झोत सरळ मागे जातो. पट्ट्याच्या बाहेर गेलं की ताकद पाणी बाजूला ढवळण्यात जाते.

आपल्या माशाचा हिशेब करू. जोरात पोहणाऱ्या माशांच्या शेपटीचं टोक एकूण लांबीच्या साधारण पाचव्या भागाएवढं हलतं, म्हणजे इथे ८ सेंटीमीटर. सेकंदाला २ वेळा हलवली आणि स्ट्रोहल अंक ०.३ धरला, तर वेग ०.०८ × २ ÷ ०.३, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.५ मीटर. हे आपलं ध्येय. पहिल्या दिवशी ०.२ मीटर मिळेल आणि अंक ०.८ येईल. त्याने खचू नका. शेपटी हलते आहे पण पाणी मागे जात नाही, एवढंच तो अंक सांगतो.

वीज नेमकी कुठे जाते

हा हिशेब लोक करत नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत जास्त डोळे उघडतो तोच. ४० सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर जाड, गुळगुळीत, निमुळतं अंग सेकंदाला अर्ध्या मीटरने पाण्यातून सरळ ओढायला साधारण ०.१ न्यूटन बळ लागतं. दहा ग्रॅम वजन उचलण्याएवढं. बळ गुणिले वेग केलं तर ०.०५ वॉट. हलत्या अंगाला अडथळा जास्त होतो, म्हणून तिप्पट धरा. तरी ०.१५ वॉट. आणि सर्व्हो तर ३ ते ५ वॉट खातो!

म्हणजे शंभरातले पाच भागसुद्धा मासा पुढे ढकलण्यात जात नाहीत. बाकीचे गिअरच्या घर्षणात, दर ठोक्याला मोटर थांबवून उलटी फिरवण्यात, पाणी अडवणाऱ्या रबरी टोप्या वाकवण्यात आणि बाजूला ढवळलेल्या पाण्यात जातात. १९९८ साली छापलेल्या एमआयटीच्या मोजमापात नुसत्या फडफडणाऱ्या पात्याची कार्यक्षमता ८७ टक्क्यांपर्यंत गेली होती. तो आकडा पाण्याच्या बाजूचा आहे, बॅटरीच्या बाजूचा नाही. माशाचं डोकं आणखी टोकदार करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा रबरी टोपी मऊ करण्यात एक दुपार घालवा, फायदा जास्त होईल.

वेग दुप्पट केला तर लागणारी ताकद आठपट होते, हेही इथेच लिहून ठेवा. पहिला मासा सावकाश पोहणारा असावा.

मोटर

मेटल गिअरचा स्टँडर्ड सर्व्हो घ्या. त्याच्यावर लिहिलेला वेग बघा, उदाहरणार्थ ६ व्होल्टवर ६० अंशांना ०.१७ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ३५० अंश, तोही हवेत, काही भार नसताना. शेपटी दोन्ही बाजूंना ३० अंश आणि सेकंदाला २ वेळा हलवायची म्हटलं तर मधल्या क्षणी सर्व्होला सेकंदाला ३७७ अंश वेग लागतो. तो जमणार नाही. सर्व्हो मागे पडेल, टोकांना पोचायच्या आत परत फिरेल, आणि प्रोग्रॅममध्ये तुम्ही काहीही लिहिलं तरी पाण्यात वेगळंच घडेल. २० अंशांना २५० पुरतात. म्हणून २० अंशांवरच थांबा आणि उरलेलं हलणं शेपटीच्या लवचीकतेकडून मिळवा.

सर्व्हो आणि मायक्रोकंट्रोलर यांना एकाच तारेवरून वीज देऊ नका. सर्व्हो दिशा बदलताना एकदम करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाण्यात हे फार फसवं दिसतं: मासा दोन ठोके मारतो, थबकतो, पुन्हा दोन ठोके. वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा बोर्ड, आणि सर्व्होजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

शेपटी: सगळा वेळ इथे घालवा

सर्व्होच्या आसापासून शेपटीच्या टोकापर्यंत १४ सेंटीमीटर ठेवा. त्यातले पहिले ८ देठाचे, लवचीक. पुढचे ६ पंखाचे, बऱ्यापैकी कडक. पंख दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकचा, चंद्रकोरीसारखा कापलेला, वरपासून खालपर्यंत १२ सेंटीमीटर. कडा काचपेपरने घासून मागच्या बाजूला पातळ करा.

देठासाठी अर्धा मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आणा. स्टेशनरीच्या दुकानातली जाड पारदर्शक कव्हरंही चालतात. ३-४ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. आता नीट लक्ष द्या, कारण इथे एक साधी गोष्ट महिन्याभराची मेहनत वाचवते. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर कडकपणा आठपट. म्हणून दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या तर शेपटी एकदम आठपट कडक होते आणि मधला टप्पा हातातून निसटतो. त्याच दोन पट्ट्या फक्त मुळाशी स्क्रूने आवळल्या आणि बाकी सुट्या ठेवल्या, तर त्या एकमेकींवर सरकतात आणि कडकपणा फक्त दुप्पट होतो. तीन पट्ट्या, तिप्पट. म्हणजे पायरीपायरीने जुळवता येतं.

ट्रकच्या चाकावरचे पाटे आठवा. सर्वांत लांब पाटा, त्याच्यावर जरा आखूड, त्याच्यावर आणखी आखूड. तसंच करा. पंखापर्यंत जाणाऱ्या एक-दोन लांब पट्ट्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ६, ४ सेंटीमीटरच्या आखूड. मुळाशी कडक आणि टोकाकडे मऊ अशी शेपटी तयार होते, बांगड्याच्या देठाला बोटांनी जाणवलं होतं तशी. तीन-चार थरांपासून सुरुवात करा. लांब पट्ट्या पंखाला नायलॉनच्या दोन छोट्या बोल्टांनी धरा, म्हणजे खोलून बदलता येईल. सगळं झाकायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवू नका, तो फार कडक असतो. पातळ लॅटेक्सचा हातमोजा पुरतो, आणि पहिल्या चाचण्यांना तर देठ उघडाच ठेवा.

आता जुळवणी. माशाचं पुढचं अंग दोन विटांमध्ये घट्ट धरा, शेपटी पाण्यात बुडालेली. सर्व्हो २ हर्ट्झवर चालू करा आणि बरोबर वरून फोनने स्लो मोशनमध्ये चित्रित करा. सेकंदाला २४० फ्रेमवर एका पूर्ण आवर्तनाच्या १२० फ्रेम होतात. सर्व्होचा दांडा मध्यावरून जातो ती फ्रेम शोधा. मग पंखाचं टोक मध्यावरून जातं ती फ्रेम. दोन्हींमध्ये साधारण ३० फ्रेम, म्हणजे पाव आवर्तनाचा उशीर हवा. १० फ्रेमच असेल तर शेपटी फळीसारखी हलते आहे, एक थर काढा. ५० च्या पुढे गेला तर टोक लुळं पडलं आहे आणि त्याचं हलणंही कमी झालेलं दिसेल, एक थर घाला. हा उशीर म्हणजेच अंगातून मागे धावणारी लाट. साखळीवाले लोक सहा सर्व्होंना वेगवेगळ्या वेळी हलवून जी लाट तयार करतात, ती इथे पट्ट्यांमधून आपोआप येते.

ही चाचणी हवेत करून उपयोग नाही. पंख हलताना आजूबाजूचं पाणीही सोबत हलवतो, त्यामुळे पाण्यात शेपटी जणू कितीतरी पट जड होते आणि तिचा स्वतःचा ताल मंदावतो. हवेत छान डोलणारी शेपटी पाण्यात लुळी पडू शकते.

माझ्या माशात पाच थरांवर उशीर ३४ फ्रेम आला. तीन थरांपेक्षा वेग जवळपास दीडपट झाला, आणि मोटर, बॅटरी, प्रोग्रॅम यातलं काहीच बदललं नव्हतं. त्या दिवशी पट्ट्या पुन्हा पुन्हा खोलून लावताना बोटं सुजली होती, पण पहिल्यांदाच मासा हौदात असा गेला की पाण्यावर खळबळ न दिसता फक्त मागे भोवऱ्यांची ओळ दिसली. भोवरे पाहायचे असतील तर मासा पृष्ठभागालगत चालवा आणि पाण्यावर लाकडाचा बारीक भुसा शिंपडा.

पाणी आत येऊ नये म्हणून

अर्धा मीटर खोलीवर दहा बाय दहा सेंटीमीटरच्या झाकणावर पाच किलोचा दाब पडतो. झाकण चार कोपऱ्यांना स्क्रू मारून बसवलं तर मध्ये वाकतं आणि कडेने पाणी घेतं. स्क्रू ३-४ सेंटीमीटर अंतरावर हवेत, खाली सलग रबरी गॅस्केट किंवा ओ-रिंग. थ्रीडी प्रिंटचा डबा थरांच्या मधून पाझरतो, बाहेरून कितीही गुळगुळीत दिसला तरी. आतून-बाहेरून एपॉक्सीचा हात द्या.

सर्व्होचा आस बाहेर काढायच्या जागी दोन ओ-रिंग आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉन ग्रीस. ओ-रिंग फार घट्ट बसवू नका, ती दर ठोक्याला वीज खाते. सेकंदाला दोन आवर्तनं म्हणजे तासाला ७२०० वेळा तो आस मागे-पुढे फिरणार आहे. चालू-बंदचं बटण बाहेर काढूच नका. आत एक रीड स्विच ठेवा आणि बाहेरून लोहचुंबकाने मासा चालू करा. जितकी भोकं कमी, तितकी झोप शांत.

गळती तपासायची रीत पंक्चरवाल्याची. डबा पाण्याखाली धरून हलका दाबा आणि बुडबुडे बघा. बुडबुडे थांबले की आत टिश्यू पेपर घालून, इलेक्ट्रॉनिक्स न बसवता, वजन बांधून डबा रात्रभर हौदाच्या तळाशी ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तरच सर्व्हो आत जाईल. या एका रात्रीत घाई करू नये. बॅटरी लिथियमची असेल तर फ्यूज लावा, आणि कधी पाणी शिरलंच तर बॅटरी लगेच बाहेर काढून घरापासून लांब, वाळूवर ठेवा.

तरंगणं आणि तोल

मासा पूर्ण बुडालेला पण तळाला न जाणारा हवा. डब्यासकट त्याचं वजन आणि त्याने सारलेल्या पाण्याचं वजन जवळपास सारखं पाहिजे. बॅटरी तळाशी ठेवा, म्हणजे वजनाचा मध्य खाली येतो आणि मासा कलंडत नाही. बारीक जुळवणीसाठी जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं उत्तम, दुकानात वजनावर मिळतात. पोटाखाली लांबीभर एक खाच ठेवा आणि वजनं पुढे-मागे सरकवत नाक-शेपटी एका पातळीत आणा. शेवटी मासा १०-१५ ग्रॅमने हलकाच ठेवा. बॅटरी संपली तर तो वर यायला हवा.

पंखामागे किंवा हातमोज्यात हवेचा बुडबुडा अडकला की सगळा हिशेब बिघडतो, म्हणून पाण्यात सोडताना मासा एकदा उलटा-सुलटा करून हवा काढून टाका. गोड्या पाण्यात जुळवलेला दीड किलोचा मासा समुद्रात न्यायचा तर साधारण ३७ ग्रॅम वजन आणखी घालावं लागेल, कारण खाऱ्या पाण्याची घनता जास्त.

प्रोग्रॅम

छोटाच आहे. सर्व्होचा कोन वेळेनुसार साइन लाटेने बदला, सेकंदाला ५० वेळा नवा कोन द्या. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर झटक्यात उडी मारायला लावू नका. मासा पुढे जातो, पण प्रत्येक झटक्याला करंटचा कडेलोट होतो. सुरू करताना हलण्याचं अंतर शून्यापासून तीन सेकंदांत वाढवत न्या. वळायचं असेल तर मधली जागा १० अंशांनी एका बाजूला सरकवा, मासा त्या बाजूला वळतो. रिमोटची हौस आत्ता बाजूला ठेवा. ब्लूटूथ, वायफाय आणि खेळण्यांचे बहुतेक रिमोट ज्या लहरींवर चालतात त्या वीतभर पाण्याखाली भरवशाच्या राहत नाहीत. एमआयटीच्या 'सोफी' या मऊ शेपटीच्या माशाला फिजीजवळच्या प्रवाळात पोहवलं, तेव्हा पाणबुड्याच्या हातातून आदेश ध्वनिलहरींनी जात होते. आपण वीस सेकंद सरळ, पाच सेकंद वळण, असं आधीच लिहून ठेवू.

हौदात मोजमाप

तीन मीटरचा सिमेंटचा हौद किंवा मुलांचा फुगवायचा मोठा टब पुरतो. पहिला मीटर वेग घ्यायला सोडा, पुढच्या दीड मीटरची वेळ मोजा. भिंतीपासून निदान एक माशाच्या लांबीएवढं अंतर ठेवा. बॅटरीच्या तारेवर आयएनए२१९ हा करंट मोजणारा छोटा बोर्ड लावा आणि व्होल्टेज-करंट मेमरी कार्डावर लिहून घ्या. हे पहिल्या दिवसापासून करा. बहुतेक जण वेग मोजतात आणि वीज मोजायची राहून जाते, मग कोणता बदल खरंच उपयोगी पडला ते कधीच कळत नाही.

मी एकच आकडा वहीत लिहितो: एका मीटरला किती ज्यूल. वॉट भागिले वेग. ४ वॉट आणि ०.२ मीटर असेल तर २० ज्यूल. ०.५ मीटर गाठलं की ८. तुलनेला टूनाबॉट घ्या. त्याच्या कर्त्यांचा हिशेब असा की १० वॉट-तासांच्या बॅटरीवर सेकंदाला ०.४ मीटर वेगाने तो सुमारे ९.१ किलोमीटर जाईल, म्हणजे मीटरला ४ ज्यूलच्या आसपास. तो मासा आपल्याहून लहान आहे, पण दिशा कळते. एका वेळी एकच गोष्ट बदला: थर, किंवा वारंवारता, किंवा पंखाचा आकार. प्रत्येक बदलाला तीन फेऱ्या.

डोकं फार डोलत असेल तर बॅटरी पुढे सरकवा, आणि छातीशी वर-खाली एकेक उभा पंख लावून पुढच्या अंगाची उंची वाढवा. मासा एकाच बाजूला जात असेल तर सर्व्होचा मध्य चुकला आहे, किंवा एखादी पट्टी वाकडी आवळली गेली आहे. वर-खाली गोते खात असेल तर वजनं तपासा.

शेततळ्यात चाचणी घ्यायचा मोह होईल, पाणी भरपूर असतं. पण प्लॅस्टिकच्या अस्तराचा उतार ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही आणि पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. माशाला बारीक नायलॉनची दोरी बांधा, काठावर दोघं तरी असा, आणि दोरी तुटली तर मासा जाऊ द्या. आत उतरू नका.

दुसरा मासा

पहिला मासा सरळ पोहू लागला आणि मीटरला १० ज्यूलच्या खाली आला की सर्व्हो काढून डीसी गिअर मोटर लावा, मिनिटाला १२० फेऱ्यांची. तिच्या चाकावर मध्यापासून बाजूला एक खुंटी, खुंटी खाचेत, आणि खाच शेपटीच्या मुळाला. मोटर एकाच दिशेने फिरत राहते, शेपटी मागे-पुढे हलते, आणि दर ठोक्याला मोटर थांबवून उलटी फिरवण्यात जाणारी वीज वाचते. वळण्यासाठी मग छातीच्या पंखांना एक छोटा सर्व्हो लागेल.

त्यानंतरचं काम अजून जगभर चालूच आहे. पाच थरांची शेपटी २ हर्ट्झला उत्तम असते, ३ हर्ट्झला नसते. जिवंत मासा वेग वाढवताना स्नायू ताणून शेपटी कडक करतो. २०२१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटाने पोहता पोहता शेपटीचा कडकपणा बदलणारा टूनासारखा रोबो बनवला. एकाच कडकपणाच्या शेपटीशी तुलना करता त्याला जवळपास निम्मी ऊर्जा पुरली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ताण वेगाच्या वर्गाने वाढवावा लागतो, म्हणजे वेग दुप्पट तर ताण चौपट. घरी याची सुरुवात अशी करता येईल: देठाच्या दोन्ही बाजूंनी गळाची दोरी मुळापासून पंखापर्यंत न्या आणि आतल्या एका लहान सर्व्होने दोन्ही दोऱ्या एकदम ताणा. माझ्या टेबलावर सध्या हेच पडलं आहे. दोऱ्या आत जातात तिथली दोन भोकं अजून थेंब-थेंब गळतात, म्हणून आज रात्री डबा पुन्हा टिश्यू घालून हौदाच्या तळाशी ठेवतो आहे.